कळंबच्या बाजारातली मराठी, शाळेतली इंग्रजी

यवतमाळहून नागपूरकडे निघालं की वाटेत कळंब लागतं. बाहेरच्या माणसाला ते चिंतामणीचं गाव म्हणून ठाऊक असतं. पायऱ्या उतरून खाली जायचं, गणपतीचं दर्शन घ्यायचं आणि पुढच्या रस्त्याला लागायचं. पण तासभर बाजारात रेंगाळलं तर कानांना वेगळंच काही गवसतं. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून आलेली बाई लेकीशी गोरमाटीत बोलते, भाजीवालीशी वऱ्हाडीत घासाघीस करते आणि कापडाच्या दुकानात शिरताच हिंदीवर येते. पोडावरचा, म्हणजे आपल्या वस्तीवरचा, कोलाम बापलेकात कोलामी बोलतो आणि कृषी केंद्रात जाऊन मराठीत बियाण्याची पिशवी मागतो. गोंडी आहे, उर्दू आहे. यांतल्या कुणालाही दुसरी भाषा शिकवायला कोणी फळ्यापाशी उभं राहिलं नव्हतं. त्याच बाजारातून दप्तर पाठीला लावून जाणारी पोरं मात्र दहा वर्षं इंग्रजी शिकतात, काळांचा तक्ता घडाघडा म्हणतात, आणि कुणी इंग्रजीत नाव-गाव विचारलं की मान खाली घालतात.

ही दोन चित्रं शेजारी ठेवली की पटकन एक निष्कर्ष तोंडावर येतो: व्याकरण फेकून द्या, भाषा आपोआप येते. शिक्षणावरच्या भाषणांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याची भीती वाटते. कारण ते अर्धंच खरं आहे, आणि त्याची किंमत मोजतात ती ज्यांच्या घरी शाळेची भाषा बोलली जात नाही अशी मुलं.

वाद नेमका कशाचा, ते आधी पाहू. उघड शिकवणीत शिक्षक मुलाचं लक्ष भाषेच्या घडणीकडे जाणूनबुजून वळवतो. नियम सांगतो, किंवा उदाहरणं देऊन नियम मुलांकडून काढून घेतो, चूक झाली की ती का चूक ते बोलून दाखवतो. नकळत शिकवणीत नियमाचं नाव निघत नाही. गोष्ट, खेळ, काम, संभाषण यांची मांडणी अशी केलेली असते की तेच रूप मुलाच्या कानावर पुन्हापुन्हा पडावं, आणि मुलाचं लक्ष मात्र अर्थावर असावं. नकळत शिकवण म्हणजे शिकवणंच नाही, असा समज आपल्याकडे पसरलेला आहे. प्रत्यक्षात तिला तयारी जास्त लागते.

हा वाद आपल्या परंपरेला नवा नाही. पतंजलीच्या महाभाष्यात सुरुवातीलाच दोन दाखले येतात. एक असा, की मडकं हवं असलं की माणूस कुंभाराकडे जातो, पण शब्द हवे म्हणून कुणी व्याकरणकाराकडे जात नाही. शब्द लोकांकडूनच मिळतात. दुसरा दाखला बृहस्पतीचा. तो इंद्राला एकेक शब्द सुटा सुटा शिकवत हजार दिव्य वर्षं बसला, तरी शेवट लागला नाही. तेव्हा मोजक्या कष्टात मोठा शब्दसमूह आवाक्यात आणायचा तर सामान्य नियम आणि त्याचे अपवाद, हाच मार्ग. आज जगभर जी दोन मतं भांडतात, ती दोन्ही या एकाच ग्रंथात शेजारी शेजारी बसलेली आहेत. पतंजलीला त्यांत विरोध दिसला नाही, आणि मलाही तो फारसा दिसत नाही.

परकी माणसं मराठी शिकली तेव्हाही दोन्ही लागलं. विल्यम कॅरीनं 1805 मध्ये श्रीरामपूरहून मराठीचं व्याकरण छापलं आणि त्याला रोजच्या विषयांवरचे संवाद जोडले. नुसत्या विभक्तींवर भागणार नाही हे त्याला कळलं होतं. पुढे वारं उलटं वाहिलं. आपण इंग्रजी शिकू लागलो ते भाषांतराच्या वाटेनं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या वाढल्या: शब्द, नियम, मराठीतून इंग्रजीत वाक्यं, इंग्रजीतून मराठीत वाक्यं. या पद्धतीला नावं ठेवण्याआधी तिनं काय दिलं तेही पाहावं. आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत ‘विकारविलसित’ म्हणून आणलं ते 1883 मध्ये, आणि त्यांच्या कानावर इंग्रजी लहानपणी कराडात पडली नव्हती. नियम आणि अफाट वाचन यांतून ती भाषा त्यांनी कमावली. पण ती वाट मूठभर, मोठ्या वयाच्या, वाचनात बुडालेल्या मुलांची होती. तीच पद्धत वाचन वजा करून सगळ्यांच्या वर्गात आली, तेव्हा हातात फक्त तक्ता उरला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंबक दुसरीकडे गेला. अमेरिकेत स्टीफन क्रॅशननं 1982 च्या पुस्तकात ठाम मांडलं की भाषा अंगी भिनते ती कळेल अशा बोलण्या-वाचण्यातून. शिकलेला नियम केवळ राखणदार, बोलून झाल्यावर किंवा सवडीनं लिहिताना चूक तपासणारा. नियमाचं ज्ञान कधीही सहज बोलण्यात उतरत नाही, इतकं टोक त्यानं गाठलं. त्याच सुमारास, 1979 ते 1984 या काळात, आपल्याच देशात एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेतल्या साध्या शाळांत एक प्रयोग चालवला. बंगलोर प्रकल्प म्हणून तो जगभर ओळखला जातो. मुलांना व्याकरण शिकवायचं नाही, कामं द्यायची: रेल्वेचं वेळापत्रक वाचून गाडी शोधा, नकाशावरून वाट सांगा. डोकं कामात गुंतलं की भाषा मागून येते, ही त्यामागची धारणा. 1985 मध्ये बेरेटा आणि डेव्हिस यांनी निकाल तपासले. प्रकल्पाच्या बाजूनं कौल मिळाला, पण तो बेताचा. पुढे असंही दिसलं की प्रकल्पाशी जवळून बांधलेल्या शिक्षकांना जे साधलं, ते शाळेतल्या नेहमीच्या शिक्षकांना पेलणं जड गेलं. ज्या शिक्षकाची स्वतःचीच इंग्रजी जेमतेम आहे, त्याला नियमाचा आधार काढून घेतला तर तो उघडा पडतो. कळंबसारख्या तालुक्याच्या शाळांचा विचार करताना हा धडा मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता बाजाराकडे परत येऊ. तिथं नियमाविना शिकलेली भाषा किती पुढे जाते? आपली विदर्भातली हिंदीच घ्या. वऱ्हाड आणि नागपूर 1956 पर्यंत हिंदी मुलखासोबत एकाच प्रांतात होते, आणि इथं हिंदी जवळजवळ प्रत्येकाला येते, तीही बेधडक. पण नीट ऐका. हिंदीत ‘आवाज’ स्त्रीलिंगी, तरी आपण म्हणतो, ‘आवाज आया’. मराठीतला तो आवाज हिंदीत जाऊनही पुरुषच राहिला. हयात गेली तरी तो बदलत नाही, कारण समोरच्याला सगळं कळतं, काम होतं, आणि कुणी थांबवून सांगत नाही. रिचर्ड श्मिटनं 1983 मध्ये असाच एक माणूस अभ्यासला: हवाईत स्थायिक होत चाललेला जपानी चित्रकार, ज्याला त्यानं वेस हे नाव दिलं. वेस गप्पिष्ट, मित्र भरपूर, इंग्रजीत कुठं अडत नसे. तीन वर्षांत त्याचं संभाषण सुधारलं, व्याकरण मात्र जवळपास होतं तिथंच. यावरून आणि पोर्तुगीज शिकतानाच्या स्वतःच्या अनुभवावरून श्मिटनं 1990 मध्ये म्हटलं की जे ध्यानात येत नाही ते अंगी लागत नाही. कानावर पडणं वेगळं, खटकणं वेगळं.

कॅनडात हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये 1965 पासून इंग्रजी घरांतल्या मुलांना बालवाडीपासून फ्रेंचमधूनच शिकवायला सुरुवात झाली. मुलं फ्रेंच ऐकून आणि वाचून समजण्यात फ्रेंच मुलांच्या जवळ पोचली. बोलण्या-लिहिण्यात मात्र वर्षानुवर्षं त्याच चुका: क्रियापदांचे काळ आणि नामांची लिंगं. रोज तासन्‌तास भाषा कानावर पडूनही लिंग हुकत होतं. मग रॉय लिस्टरनं 2004 मध्ये पाचवीच्या 179 मुलांवर एक उपाय करून पाहिला. नामाच्या शेवटाकडे लक्ष द्या, त्यावरून लिंगाचा अंदाज येतो, हे काही आठवडे धड्यांतूनच दाखवायचं. आणि मूल चुकलं की योग्य रूप आयतं हातात द्यायचं नाही, त्याच्याकडूनच दुरुस्ती काढून घ्यायची. ज्या वर्गांत असं काढून घेतलं गेलं, तिथं फायदा सर्वांत जास्त झाला.

शेकडो छोटे अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्यांचं काय म्हणणं आहे? नॉरिस आणि ऑर्टेगा यांनी 2000 साली 49 अभ्यासांची बेरीज मांडली. उघड शिकवण पुढे निघाली. 2010 मध्ये स्पाडा आणि टोमिटा यांनी 41 अभ्यास घेतले. नियम सोपा असो की गुंतागुंतीचा, दोन्हींत उघड शिकवणच सरस. पण यातली मेख नॉरिस आणि ऑर्टेगांनी स्वतःच दाखवून ठेवली होती: बहुतेक अभ्यासांतल्या चाचण्या ‘गाळलेली जागा भरा’ या जातीच्या. नियम पाठ असणाऱ्याला तिथं गुण मिळणारच. जो पेपर नियमाची परीक्षा घेतो त्यात नियमवाला जिंकला, तर त्याच्या जिभेबद्दल आपल्याला काय कळलं? 2019 मध्ये कांग, सोक आणि हान यांनी 54 अभ्यास तपासले तेव्हा चित्र थोडं हललं: शिकवून काही काळ गेल्यावर घेतलेल्या चाचण्यांत नकळत शिकवणीचा परिणाम जास्त टिकलेला दिसला. माझ्या मते या सगळ्यातून एवढं घ्यावं की नियम वाट लवकर दाखवतो, आणि वाटेवरून चालणं झालं नाही तर तो लवकर विसरला जातो.

पण हे सारं वाचताना आपला हिशेब मांडायला विसरू नये. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवी वर्षाला 200 दिवस शाळा. रोज 35 मिनिटांची एक इंग्रजीची तासिका धरली, एकही बुडाली नाही असं धरलं, तर वर्षाचे होतात 117 तास. दहा वर्षांचे जेमतेम 1200. लहान मूल रोज बारा तास जागं असतं असं म्हटलं, तर ते 1200 तास म्हणजे त्याच्या जागेपणीचे 100 दिवस. त्यातही वर्गातलं निम्मं बोलणं मराठीत. आईच्या कडेवर 100 दिवस काढलेलं बाळ बोलत नाही म्हणून आपण काळजी करत नाही. दहावीच्या मुलाकडून मात्र ‘आपोआप’ची अपेक्षा धरतो. महाराष्ट्रानं 2000 साली पाचवीऐवजी पहिलीपासून इंग्रजी आणली. सुरुवातीला गाणी, कृती, ऐकणं-बोलणं हा तिचा हेतू चांगला होता. पण लवकर सुरुवातीचा फायदा भाषा भोवताली दाटलेली असेल तरच मिळतो. स्पेनमध्ये बार्सिलोनात कार्मेन मुन्योस यांच्या गटानं आठव्या आणि अकराव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेल्या मुलांची तुलना केली. तितक्याच तासिकांत अकराव्या वर्षी सुरू केलेली मुलं पुढे राहिली. तासिका कमी असतील तर मोठ्या मुलाची विचार करण्याची ताकद कामी येते, आणि उघड नियम त्या ताकदीलाच हाक मारतो. डीकायझरनं 2000 मध्ये अमेरिकेत गेलेल्या हंगेरियन लोकांचा अभ्यास केला, त्यातही मोठेपणी जाऊन जे जवळजवळ स्थानिकांसारखे निघाले, त्यांची भाषेची चिकित्सा करण्याची क्षमता उत्तम होती.

म्हणून 2025 मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा जो निर्णय 16 एप्रिलला आला, 17 जूनला बदलला आणि 29 जूनला मागे घेतला गेला, त्यावरच्या गदारोळात मला एक प्रश्न सारखा हुकलेला दिसला. कोणती भाषा, यावर सगळे बोलले. किती तास आणि कशा रीतीनं, यावर फार थोडे. कळंबच्या पोराला हिंदी रस्त्यावर मिळते. त्याला आठवड्याच्या मोजक्या तासिकांत पहिलीत हिंदीचं काय द्यायचं, आणि रस्त्यावर जी कधीच मिळत नाही त्या इंग्रजीसाठी तेच तास वापरायचे का, हे आधी ठरायला हवं होतं.

इथवर इंग्रजी-हिंदीचं झालं. कळंबच्या परिसरात मला त्याहून जिव्हाळ्याचा वाटतो तो मराठी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या मुलांचा प्रश्न. कोलाम हा महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिम समूहांपैकी एक. 2011 च्या जनगणनेत कोलामी बोलणारे सव्वा लाखाच्या पुढे. ही द्राविड कुळातली भाषा. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञानं तिचं व्याकरण 1955 मध्ये प्रसिद्ध केलं, आणि त्याचा आधार वर्धा भागातली कोलामी. वर्धा काही लांब नाही, 2024 च्या फेब्रुवारीपासून तिथून कळंबला रेल्वेही येते. म्हणजे आपल्या शेजारच्या पोडांचं बोलणं जगाच्या ग्रंथालयांत सत्तर वर्षांपासून नोंदलेलं आहे, आणि आपल्या वर्गात मात्र त्याचा पत्ता नाही.

कोलामीत नामांचे गट दोन: माणसांतले पुरुष एकात, बाकी सगळं दुसऱ्यात. बायका, बैल, झाड, दगड, सगळे एका रांगेत. हे मूल पहिलीत येतं आणि मराठी त्याला सांगते की खांब तो, भिंत ती, आणि दार ते. चहा झाला, साखर संपली, दूध उतू गेलं. खांबात पुरुषासारखं काय आहे? काहीच नाही, आणि हे विचारण्याइतकी मराठीही अजून त्याच्याकडे नाही. त्यावर भूतकाळाचा फेरा. मी भाकर खाल्ली, त्यानं भाकर खाल्ली, पोरांनी भाकर खाल्ली. खाणारा बदलला तरी क्रियापद हलत नाही, ते भाकरीला धरून बसलेलं. द्राविड भाषांत क्रियापद करणाऱ्याच्या मागं जातं, त्यामुळे ‘मी भाकर खाल्लो’ असं म्हणणारं पोर आपल्या भाषेच्या तर्कानं अगदी बरोबर चाललेलं असतं. त्याला हसणारा वर्ग आणि ‘एवढंही येत नाही?’ म्हणणारा आवाज मी लहानपणी ऐकला आहे. जो मुलगा उभा होता त्यानं पुढे वर्षभर तोंड उघडलं नाही.

अशा मुलाला पहिलीत लिंगाचा नियम सांगणं व्यर्थ. पण त्याला न कळणाऱ्या मराठीत बसवून ‘ऐकून ऐकून येईल’ म्हणणं, याला मी नकळत शिकवण म्हणणार नाही. क्रॅशनसुद्धा कळेल अशाच भाषेची अट घालतो. जे कळतच नाही त्यातून काही भिनत नाही. ते फक्त आवाज असतात. पहिली दोन वर्षं वर्गात कोलामी किंवा गोरमाटी बोलणारं एक तरी मोठं माणूस हवं. तांड्याच्या मुलाचं ओझं थोडं हलकं, कारण गोरमाटी राजस्थानीच्या नात्यातली आणि मराठीचीही लांबची बहीण. पण तिथंही नपुंसकलिंग अडतंच. आणि वऱ्हाडी घरातलं मूलही थोडं दुसऱ्या भाषेतच पाऊल टाकत असतं. घरी ‘मले केयं पाह्यजे’, पुस्तकात ‘मला केळं हवं आहे’. त्याचं ‘मले’ ही चूक नाही, ते दुसरं रूप आहे. हे फरकाचं भान उघड सांगण्यानंच येतं: घरी असं, पुस्तकात तसं, दोन्ही आपलंच. इथं दोन मिनिटांचा नियम वर्षभराच्या खोडाखोडीपेक्षा जास्त काम करतो.

2020 च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. म्हणजे तांड्यावरच्या आणि पोडावरच्या मुलांसोबत शहरांतल्या हिंदी, गुजराती, तमिळ घरांतल्या मुलांनाही मराठी दुसरी भाषा म्हणून शिकवायची आहे. तरी आपलं मराठी व्याकरणाचं पुस्तक अजून असं गृहीत धरतं की वाचणाऱ्याला मराठी येते, आता फक्त नावं शिकायची: हे विशेषण, हे क्रियाविशेषण. ज्याला भाषा येते त्याच्यासाठी केलेलं वर्णन आणि ज्याला ती यायची आहे त्याच्यासाठी केलेला नियम, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसरी वस्तू आपल्याकडे फार थोडी आहे.

ती कशी दिसेल? पाचवीचा वर्ग घेऊ. मुलांना चार-पाच वर्षं मराठी कानावर पडलेली आहे. तो, ती, ते शेकडो वेळा ऐकलेलं आहे. बाजाराच्या यादीपासून सुरुवात करावी. मुलांनी सांगायचं, गुरुजींनी फळ्यावर लिहायचं: कांदा, भेंडी, केळं, मिरची, वांगं, मुळा, काकडी, लिंबू. मग बाजाराचा खेळ: ‘कांदा कसा दिला? भेंडी कशी दिली? वांगं कसं दिलं?’ दहा मिनिटं नुसतं विकायचं आणि घ्यायचं. कुणी ‘भेंडी कसा दिला’ म्हटलं तर भाजीवाला झालेल्या मुलानं न कळल्यासारखं करून ‘कसा?’ एवढंच विचारायचं, आणि घेणाऱ्यानं पुन्हा म्हणायचं. त्यानंतर गुरुजींनी विचारायचं, कसा-वाले शब्द एका बाजूला काढा, कशी-वाले दुसऱ्या, कसं-वाले तिसऱ्या. आता त्यांच्या शेवटाकडे बघा. कांदा, मुळा: आ. भेंडी, मिरची, काकडी: ई. केळं, वांगं: टिंब. मुलं ते स्वतःच ओरडून सांगतील. मग एखादी पोरगी हात वर करून विचारेल, की गुरुजी, शाळा आ-वर संपते, मग शाळा तो का नाही? आणि पाणी ई-वर संपतं, तरी ते पाणी? आणि लिंबू कुठं बसवायचं? तेव्हा अपवादांची यादी भिंतीवर लावायची, वर्षभर वाढत जाणारी, ज्यात कोलाम मुलानं आणलेला शब्दही असेल आणि कळंबच्या पेठेतल्या मुलानं आणलेलाही. दुसऱ्या दिवशी तासिकेच्या सुरुवातीला पुन्हा बाजार, या वेळी भांड्यांचा: ताट, वाटी, तांब्या, पातेलं.